फॅमिली लिंक: सात महिने वापरल्यावर

मुलगा सहावीत, वय ११. शाळा मराठी माध्यमाची, घर बेळगावात वडगावला, मिस्टर मागावर कामाला. गणपतीत ह्यांचा जुना अँड्रॉइड फोन त्याला दिला आणि माझ्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता येणारं ॲप, घेतलं. पैसे काही पडत नाहीत.

पहिली अडचण खात्याची. दुकानात कुणीतरी त्याच्या नावानं जीमेल काढून दिलं होतं, त्यात जन्मसाल २००० टाकलेलं. म्हणजे गूगलच्या लेखी माझा सहावीतला मुलगा पंचविशीचा बाप्या! १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकानं काढायचं असतं, आणि खरं वय टाकलं तरच मुलांसाठीची बंधनं आपोआप लागतात. जुनं खातं काढलं, नवीन केलं. गेममधली त्याची लेव्हल गेली, दोन दिवस जेवताना बोलला नाही. तरी सांगते, सुरुवात इथूनच करा. मुलाच्या फोनमध्ये जन्मतारीख कुठली आहे ते आधी उघडून बघा.

वेळेचं काम ते चोख करतं. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन, रात्री ९ ते सकाळी ६ फोन बंद. वेळ संपली की स्क्रीन लॉक होते, पण आलेला फोन उचलता येतो, म्हणून ट्यूशनला गेल्यावर काळजी नसते. नवीन ॲप घ्यायचं म्हटलं की परवानगीचा निरोप माझ्याकडे येतो. यूट्यूबला मी ९ वर्षांपुढच्या मुलांची पातळी लावली आहे. ‘वाढवून दे की’ म्हणून महिनाभर रोज कटकट झाली, मग थांबली. मेसेजमध्ये कोण काय लिहितं ते यात दिसत नाही, हे घेतानाच लक्षात असू द्या.

खरी गोष्ट पुढं आहे. माझ्या फोनवर रोज चाळीस-पन्नास मिनिटं दिसायची आणि मी निर्धास्त. पण घरात फोन चार आहेत. आज्जीला कन्नड वाचता येत नाही, मलाही अडखळतच येतं. मुलगा शाळेत कन्नड शिकतो, त्यामुळं शाळेच्या ग्रुपवरची कन्नड नोटीस असो, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० जमा झाले का बघायचं असो, की बँकेचा इंग्रजी मेसेज, घरातला वाचणारा तोच. आज्जी फोन त्याच्या हातात देते आणि देवपूजेला बसते. आपल्याकडं सीमेवरच्या कितीतरी घरांत हेच चालतं. आज्जीच्या फोनवर परवानगी कुणाची लागणार? तोच गेम त्यानं तिथं घातला होता.

डिसेंबरात गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणालं आणि नंबर मागितला. यानं आज्जीचा दिला. लगेच सहा आकड्यांचा कोड आला आणि पाठोपाठ ‘आकडा सांग’ असा निरोप. तो व्हॉट्सॲपचा कोड होता. सांगितला असता तर आज्जीचं व्हॉट्सॲप त्या माणसाच्या हातात गेलं असतं, आणि आमचे अर्धे पाहुणे तिच्या नावानं पैसे मागितले तर देऊन मोकळे झाले असते. कोड कुणाला सांगू नका असं मेसेजमध्येच लिहिलं होतं, ते यानं वाचलं. रोज मेसेज वाचायची सवय कामाला आली. ‘आज्जी, कोण तर आकडा मागूलालाय बघ,’ म्हणाला. आज्जीनं मला हाक मारली.

ह्यांचा हात उठला होता, मी मध्ये पडले. त्या दिवशी मार बसला असता तर पुढचा आकडा त्यानं आज्जीला वाचून दाखवलाच नसता. फोनही काढून घेतला नाही. गेम मात्र दोन्हीकडून गेला, आणि का गेला ते तिघांनी बसून त्याला सांगितलं.

त्याच रात्री आज्जीचा फोन घेऊन बसले. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे कोडशिवाय वेगळा लागणारा, सहा आकडी पिन, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनीच घालायचं, अनोळखी कॉल सायलेंट. प्ले स्टोअरला पालक नियंत्रणाचा पिन आणि खरेदीला पासवर्ड. यूट्यूबला नको ते व्हिडिओ गाळणारा रिस्ट्रिक्टेड मोड. पाऊण तास लागला. ह्यांच्या आणि माझ्याही फोनला तेच केलं.

फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, हा नंबर देशभर एकच आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून ठेवता येण्याची आशा जास्त. मुलाचे फोटो मागणं, धमकावणं असं काही असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही तक्रार करता येते, शिवाय मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवलेत, मोठ्या अक्षरात, मराठीत.

आता कोड आला की तो ‘सहा आकडे आलेत’ एवढंच म्हणतो आणि फोन पालथा ठेवतो. सुट्टी लागली, पुढच्या आठवड्यात तो खानापूरला मामाकडे जाणार. तिथं तीन फोन आहेत. गेल्या रविवारी जाऊन तिन्हींची सेटिंगं करून आले. वहिनींनी त्यांच्या मुलीचा फोनही पुढं केला, तर तिच्याही खात्यात जन्मसाल २००० च होतं.