क्रायोबलून: वेळ वाचतो, पण अर्धाच

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) थांबवायला तिथल्या ऊतीवर जखम करतात, म्हणजे अब्लेशन. त्यासाठी २८ मिलिमीटरचा क्रायोबलून, म्हणजे ऊती गोठवणारा फुगा, हे कामसू साधन आहे. रेडिओफ्रिक्वेन्सीत (उष्णतेने जाळण्याच्या पद्धतीत) फुफ्फुसशिरेच्या मुखाभोवती ठिपका-ठिपका जाळत जावं लागतं. इथे बलून मुखावर नीट बसला की १८० ते २४० सेकंदांच्या एका गोठवणीत पूर्ण कडं तयार होऊ शकतं. बसला नाही तर मेहनत वाया: कडेने रक्त वाहत राहतं आणि तापमान पुरेसं उतरत नाही. म्हणून आधी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून गळती तपासायचीच. उजव्या शिरांपाशी फ्रेनिक नर्व्हला (डायफ्राम, म्हणजे श्वासपटल हलवणाऱ्या नसेला) पेसिंग, म्हणजे विजेचे ठोके देत पोटावर हात ठेवावा. डायफ्रामचा ठोका क्षीण झाला की गोठवण तत्काळ बंद. तापमान उणे ६० अंशांखाली घसरलं तरीही तेच. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ३०० सेकंदांच्या वर हवा.

उणिवा? डाव्या शिरांचं मुख एकच, रुंद असेल तर बलून डगमगतो. फ्लटर हा दुसरा लयबिघाडही असेल तर वेगळा कॅथेटर (हृदयात सरकवायची नळी) उघडावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो.

आणि दोन केसमधला रिकामा वेळ? तो बलून वाचवत नाही. पुढच्या रुग्णाची संमती, आयव्ही (शिरेतली सुई), रक्ततपासण्या बाहेरच उरका. शीथ (शिरेत घातलेली, बलून आत नेणारी नळी) जाड असल्याने ती काढताना जांघेत आठच्या आकड्याचा टाका घाला, रक्त थांबेपर्यंत दाबत बसणं टळतं.