रोमन सम्राट आणि चर्चच्या धर्मपरिषदा: सदाशिव पेठेतली व्याख्यानमाला, जरूर करा

सदाशिव पेठेत शनिवार-रविवारी संध्याकाळी ही व्याख्यानमाला चालते. विषय ऐकून बरेच जण म्हणतात आपला काय संबंध, पण सत्ता धर्माला कशी हाताशी धरते आणि धर्म सत्तेला कुठे पुरून उरतो हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा चांगला विषय नाही, आणि मराठीत इतकं नीट सांगणारं मला तरी दुसरं कुणी भेटलेलं नाही.

सगळ्यात रंगला तो ३२५ च्या निकाया परिषदेचा भाग. आदल्याच वर्षी पूर्वेकडचा सम्राट लिसिनियस याला हरवून सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हातात अख्खं साम्राज्य आलेलं, आणि इकडे अलेक्झांड्रियात ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या एरियस या धर्मगुरूवरून भांडण पेटलेलं, म्हणून त्याने बिशपांना बोलावलं, येण्याजाण्यासाठी सरकारी टपालाची वाहनं दिली, आणि स्वतः जांभळ्या झग्यात आत येऊन छोट्या सोन्याच्या खुर्चीवर बसला, तेसुद्धा बिशपांनी खूण केल्यावर. बिशप आणि इतिहासकार युसेबियसने लिहून ठेवलेला हा प्रसंग सरांनी असा सांगितला की हॉलमध्ये कुणी हललं नाही! आणि या माणसाचा तेव्हा बाप्तिस्माही झालेला नव्हता, तो झाला ३३७ मध्ये मरणाच्या दारात, आणि दिला कोणी तर निकोमीडियाच्या युसेबियसने (वरचा युसेबियस वेगळा, तो सीझरियाचा), ज्याला निकायानंतर त्यानेच हद्दपार केलं होतं.

मग सिद्धांत ठरवायचं कोण, सम्राट की बिशप? मला हा कोर्स आवडला तो याच प्रश्नासाठी. परिषद बोलवायची, खर्च उचलायचा, शिस्त ठेवायची आणि निकाल न मानणाऱ्याला हद्दपार करायचं, हे सम्राटाचं, पण निकाल लोकांच्या गळी उतरवणं काही त्याच्या हातात नव्हतं. निकायाच्या निकालाचा कैवारी, अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस पाच वेळा हद्दपार झाला तरी झुकला नाही. कॉन्स्टंटाइनचा मुलगा सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस याने ३५९ मध्ये रिमिनी आणि सेल्युकियातल्या परिषदांवर दबाव टाकून श्रद्धेचा जो मसुदा मान्य करून घेतला तो ३८१ पर्यंत टिकला नाही. ४३१ ला इफिससमध्ये तर सम्राट स्वतः गेलाच नाही, त्याचा अधिकारी कँडिडियन थांबा थांबा म्हणत असताना अलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिलने अँटिऑकचे बिशप पोचायच्या आधीच परिषद सुरू करून कॉन्स्टँटिनोपलच्या बिशप नेस्टोरियसला पदच्युत केलं! म्हणून मग ४५१ ला कॅल्सेडनला सम्राट मार्शियनने मोठमोठे अधिकारी मधोमध बसवले, तरी त्या परिषदेच्या निकालावरून पडलेली इजिप्तमधली फूट आजपर्यंत सांधली गेलेली नाही. हे सगळं एका ओळीत बघितलं की डोळे उघडतात.

आता कमी काय ते. जस्टिनियन आणि ५५३ ची परिषद शेवटच्या अर्ध्या तासात उरकली, हे मनापासून खटकलं, कारण स्वतः धर्मशास्त्रावर लिहिणारा सम्राट म्हणजे या विषयाचं टोक, त्याला पूर्ण संध्याकाळ हवी होती. नकाशा एकही नव्हता, निकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक हे कुणीतरी विचारलं तेव्हा कळलं. माइक मागच्या रांगेत नीट पोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा.

कॅम्पातून येणाऱ्या एक काकू दर रविवारी चर्चमध्ये निसिन क्रीड (निकायाच्या नावाने ओळखला जाणारा श्रद्धेचा मजकूर) म्हणतात, त्यांनी त्यातल्या एकेका ओळीवर विचारलेले प्रश्न आणि सरांनी घाई न करता दिलेली उत्तरं, नुसती तेवढी ऐकायला मिळाली तरी फी वसूल. पुढची बॅच लागली की मी धाकट्या भावाचं नाव घालणार आहे.