तपकिरी फुलपाखरू ओळखायचं: फोटो काढून की अळी पाळून?

संध्याकाळी पाचोळ्यातून उठून चार पावलांवर पुन्हा दिसेनासं होणारं तपकिरी फुलपाखरू बहुधा कॉमन इव्हिनिंग ब्राउन, म्हणजे मेलानायटिस लेडा असतं. पण या ‘बहुधा’तच सगळी गोची आहे. त्याचा भाऊबंद डार्क इव्हिनिंग ब्राउनही तसाच उडतो आणि तसाच बसतो.

फोटोचा मार्ग सोपा. जबाबदारी नाही, जागेची आणि तारखेची नोंदही आपसूक होते. पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या गोल ठिपक्यांची (यांना ‘डोळे’च म्हणतात) रांग ठसठशीत दिसते, तेव्हा काम बऱ्यापैकी भागतं.

माझं घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर: हे बेटं बसलं की पंख मिटून घेतं! पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला टोकाजवळ काळा डाग, त्यात पांढरे ठिपके आणि आतून तांबूस कड असते. या दोघांतला फरक करायला तीच बाजू बघावी लागते आणि नेमकी तीच झाकलेली. कोरड्या ऋतूत तर खालचे डोळेही पुसट होऊन नुसते टिंब उरतात आणि प्रत्येकाची वाळक्या पानासारखी नक्षी वेगळी. माझ्याकडचे असे बरेचसे फोटो पाचोळ्याचे म्हणूनही खपतील.

अळी पाळणं कटकटीचं आहे, नाही म्हणत नाही. ती गवत आणि भाताची पानं खाते. हिरवी, लवदार, डोक्यावर दोन शिंगं. दिवसा पात्याला अशी चिकटून असते की आधी कुरतडलेली कड दिसते आणि मग अळी. गवत पाण्याच्या बाटलीत ठेवलं तर तोंडाशी कापसाचा बोळा घाला, नाहीतर अळी आत पडते. विष्ठा रोज काढा. शक्यतो अंडं किंवा अगदी लहान अळी आणा. मोठ्या अळीतून कधीकधी फुलपाखराऐवजी परजीवी माशी निघते.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत उबदार हवेत साधारण महिना जातो. अळी वाढताना हवा किती उबदार आणि दमट आहे यावर डोळेवालं रूप येणार की पानासारखं, हे बरंचसं ठरतं. पुस्तकातली दोन चित्रं एकाच जातीची कशी, हे मला अळ्या पाळल्यावरच पटलं.

फक्त यादी करायची असेल तर कॅमेरा पुरे. पण नाव खात्रीने हवं असेल तर मी अळीच्या बाजूने झुकेन. कोशातून निघालेलं फुलपाखरूही आधी पंख मिटूनच लटकतं, पण अंधार पडताना जाळीत फडफडू लागतं. तेव्हा मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ घ्या, वरची बाजू एखाद्या चौकटीत सापडते. मग जिथून अळी आणली तिथेच सोडून द्या.