वर्गात कहूट वर्षभर वापरून बघितलं

सहावीच्या गणिताला वर्षभर कहूट वापरतेय म्हणून लिहितेय. माहीत नसेल तर, हे क्विझ घ्यायचं ॲप आहे, प्रश्न समोरच्या मोठ्या स्क्रीनवर येतो, पोरं आपापल्या टॅबवर पिन टाकून शिरतात आणि उत्तर म्हणून लाल त्रिकोण, पत्त्यांतली असते तशी निळी चौकट, पिवळा गोल, हिरवा चौरस यातलं एक दाबतात. नॉर्वेचं आहे, २०१३ पासून चालू आहे. वापरायला एकदम सोपं, त्याचं फार सांगत बसत नाही.

पहिले दोन आठवडे नुसता कल्ला, एरवी मान खाली घालून बसणारी पोरंसुद्धा बाकावरून उठून ओरडायला लागली, मला वाटलं चला, जमलं! मग लक्षात आलं की पहिल्या तिघांत फिरून फिरून तीच नावं येतायत. कारण बरोबर उत्तराला १००० पर्यंत पॉइंट्स असले तरी जेवढा उशीर तेवढे ते कमी होतात, आणि मी शहाणीने टायमर ठेवला होता १० सेकंदांचा. एक मुलगी आहे, वहीत नीट मांडून गणित करणारी, तिने वही उघडणंच सोडून दिलं, दर प्रश्नाला लाल त्रिकोण दाबून मोकळी. विचारलं तर म्हणे, "मॅडम, माझं वाचून होईपर्यंत सगळे पुढे जातात." आता यात ॲपचा काय दोष, टायमर ४ मिनिटांपर्यंत वाढवता येतो, बिनपॉइंट्सचे प्रश्न ठेवता येतात, टीम पाडता येतात, मीच बघितलं नव्हतं.

खरी मजा मला भलतीकडेच सापडली. प्रश्न संपला की कुठल्या पर्यायाला किती जणांनी दाबलं त्याच्या पट्ट्या दिसतात ना, तिथे थांबायचं, लगेच पुढे पळायचं नाही. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं तर चतुर्थांशची पट्टी ही एवढी उंच! "चार मोठा आहे ना तीनपेक्षा!" मग दोन सारख्या कागदी पट्ट्या घेतल्या, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, घड्या घालून शेजारी धरल्या. त्या दिवशी उरलेले प्रश्न राहिले ते राहिलेच.

याआधी गृहपाठाला स्टार देणारं दुसरं एक ॲप वापरलं होतं, नाव नको. स्टार बंद झाले तसा गृहपाठही बंद. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी लहान मुलांवर केलेला प्रयोग नंतर वाचला, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलं तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढायला लागली. डिट्टो माझा वर्ग.

कहूटला पाचपैकी चार. हल्ली आठवड्यातून एकदाच, टायमर ९० सेकंद, आणि चुकीचे पर्याय पोरांनीच बनवायचे. त्या वहीवाल्या मुलीने परवा असा एक पर्याय टाकला की पहिल्या तिघांतले दोघं त्यात अडकले, आणि आपण कशी फसवणूक केली ते ती फळ्यापाशी येऊन पाच मिनिटं समजावत होती.