सिग्नलवर गाडी मान टाकते: आधी थ्रॉटल साफ करायचा की स्कॅनर लावायचा?

मे महिना, नागपुरातला सीताबर्डीचा सिग्नल, एसी चालू, गाडी न्यूट्रलला. आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा 800 वरून घसरतो आणि इंजिन बंद.

एसी लावल्यावरच काटा पडत असेल तर मी आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) साफ करीन. क्लीनरचा एक कॅन, जुनं फडकं, बस. झडपेच्या कडेला काजळी साचली की आयडलिंगची (गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवणारी) हवा अडते, मग एसीचा भार इंजिनाला पेलवत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप मात्र बोटाने ढकलू नका. साफसफाईनंतर काही गाड्यांत आयडल रीलर्न (गाडीच्या संगणकाला आयडलिंग नव्याने शिकवणं) करावं लागतं, नाहीतर आरपीएम उलट चढलेलाच राहतो.

काटा वर-खाली झुलत असेल तर स्कॅनरच (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) बरा. काजळी तो थेट दाखवत नाही, पण फ्यूएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) दाखवतो. आयडलला ट्रिम +20 टक्के आणि 2500 आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे बहुधा व्हॅक्यूम गळती (फटीतून इंजिनात जादा हवा शिरणं). आपल्याकडच्या उन्हात रबरी होस (नळ्या) कडक होऊन तडकतात. ब्रेक दाबून धरल्यावर आयडलिंग बिघडलं, तर ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) होस आधी तपासा.