लिव्हिंग विल करून देणाऱ्या वकील मॅडम, नाशिक, सीबीएस बसस्टँडजवळ – ४ स्टार

मला आयएलडी हा फुफ्फुसांचा आजार आहे, फुफ्फुसं कडक होत चाललीत, घरात चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. यातून बरं होणं नाही हे डॉक्टरांनी सरळच सांगितलंय, तर शेवटी आयसीयूत काय करायचं नि काय नाही ते शुद्धीत असतानाच लिहून ठेवू म्हटलं, यालाच लिव्हिंग विल म्हणतात. मला जिने चढवत नाहीत म्हणून मॅडम नोटरीला घेऊन गंगापूर रोडला घरीच आल्या, त्याचे जादा पैसे लावले पण आधी सांगून. पूर्वी मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागायचं म्हणे, जानेवारी २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालेल असं केलं. दोन साक्षीदार लागतात, ते शेजारचे.

मी व्हॉट्सॲपवर आलेला फॉर्मॅट दिला होता, त्यात नळ्या लावू नका एवढंच. तर म्हणाल्या, असं मोघम नको हो ताई, न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून तुम्ही घरी येणार असाल तर? आधी छातीच्या डॉक्टरांशी बोलून या. आता कागदात सगळं वेगवेगळं आहे: बरं होण्यासारखं असेल तर व्हेंटिलेटर लावा, आशाच नसेल तर लावू नका, लावला असेल तर काढा, हृदय बंद पडलं तर छाती दाबणं नको, पण धाप आणि दुखणं कमी करणारी औषधं शेवटपर्यंत चालू ठेवा. यासाठीच पैसे द्यावेत.

आमचे हे आधी आत जाऊन बसले, त्यांना वाटलं मी इंजेक्शन देऊन मारा असं लिहून देतेय. मॅडमनी न कंटाळता समजावलं की तसलं काही नसतं, मी स्वतः सांगू शकत नसेन तेव्हाच हा कागद बघायचा, तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासणार, आणि मला वाटलं तर मी कधीही लेखी रद्द करू शकते. निर्णयासाठी मुलगी आणि भाऊ अशी दोन नावं टाकली, यांचं मुद्दामच नाही, ऐनवेळी सगळं करा म्हणून डॉक्टरांच्या पाया पडतील हे!

एक स्टार कापला कारण महापालिकेत कॉपी द्यायची असते ते काम यांच्या फीत नाही, राजीव गांधी भवनला मुलीलाच जावं लागलं. मसुदा मराठीत छान आहे पण आयसीयूतल्या डॉक्टरांसाठी इंग्रजी कॉपी मागून घ्या, आपणहून देत नाहीत. नोटरीचे पैसे वेगळे पडतात तेही आधी विचारा.