खेळाच्या तासाला खो-खो की साखळी?

कोल्हापुरात पेठेतल्या शाळेचं पटांगण लहान, वर्गात चाळीस पोरं आणि तास जेमतेम अर्ध्या तासाचा. दुसरी-तिसरीला अशा तासात मी साखळीच घेईन.

खो-खो माझा जीव की प्राण. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून पोरं स्वतःहून मागतात. पण हिशेब बघा: आठ जण बसलेले, एक पाठलागावर, तिघे पळणारे. म्हणजे एका वेळी बाराच जण खेळात, बाकीचे अठ्ठावीस कडेला. शिवाय खो मिळायच्या आधी उठायचं नाही, एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलायची नाही... सात वर्षांच्या पोराला हे सगळं एकदम झेपत नाही. घ्यायचाच तर दोन छोट्या रांगा करा आणि सुरुवातीला दिशेचा नियम सोडून द्या.

साखळीत सगळेच पळतात. राज्य असलेला ज्याला शिवेल तो त्याचा हात धरतो, आणि शिवायचं फक्त टोकाच्या दोघांनी. साखळी लांबली की वळताना टोकाचं पोरगं फरफटतं, खांद्याला हिसका बसतो. म्हणून चौघे झाले की दोन-दोनच्या जोड्या पाडायच्या. हात सुटला तर शिवलेलं धरायचं नाही. बारकी पोरं यातच एकमेकांच्या वेगानं धावायला शिकतात.

पावसाळ्यात पटांगणात चिखल झाला की खो-खोला बसायचा प्रश्नच नाही. तेव्हा हॉलमध्ये चालत साखळी घ्यावी, पळायला बंदी.

चौथीपासून मात्र खो-खोच.